आठ रंगांची पेटी

मागच्या वर्षीची गोष्ट. ऑफिसच्या मासिक मीटिंगमध्ये मी एक चार्ट दाखवत होतो. त्यात दोनच रेषा होत्या. लाल रेषा म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, हिरवी म्हणजे नवी. सर्व्हरला उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते त्यात दिसत होतं आणि "हिरवी बघा कशी खाली आलीये" असं मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. मीटिंग संपली. आमच्या टीममधले एक सीनियर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, माझ्याकडे खुर्ची वळवून हळूच म्हणाले, "अरे, त्यातली हिरवी कोणती होती?"

मला वाटलं चेष्टा करतायत. ते म्हणाले, "दोन्ही मला मातकट दिसतात. एक जराशी फिकट. पण हिरवी म्हणजे फिकट की गडद, ते मला कोण सांगणार? तू बोलताना माउस कुठे नेतोस त्यावरून ओळखतो. मेलवर चार्ट पाठवलास तर सोडून देतो."

दोन वर्षं मी त्यांना असे चार्ट पाठवत होतो. मधे एकदा त्यांनी चुकीच्या आवृत्तीला होकार दिला होता. तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर "दादांचं हल्ली लक्ष नसतं" असं म्हणालो होतो, आणि चारजण हसले होते. ते आठवून मला घरी गेल्यावर जेवण जाईना.

रात्री स्क्रिप्ट उघडली. चार्ट आर या भाषेत काढलेला होता. पहिल्या रेषेसाठी रंग क्रमांक २, दुसऱ्या रेषेसाठी रंग क्रमांक ३, एवढंच त्यात लिहिलेलं. लाल आणि हिरवा मी निवडलेच नव्हते. ते आरने दिले होते. मग आरला ते कोणी दिले?

*

सर्व्हरवर आरची जुनी आवृत्ती होती. तिच्यात 'पॅलेट' असं लिहून एंटर दाबलं की आठ नावं येतात. काळा, लाल, हिरवा, निळा, सायन, मॅजेन्टा, पिवळा, करडा. मी ही यादी शेकडो वेळा पाहिली असेन. त्या रात्री पहिल्यांदा त्यातलं गणित दिसलं. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यात तीन दिवे असतात, लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक दिवा एकतर चालू किंवा बंद. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. सगळे बंद तर काळा. लाल आणि हिरवा चालू तर पिवळा. हिरवा-निळा म्हणजे सायन, लाल-निळा म्हणजे मॅजेन्टा, आपल्या साडीच्या दुकानातला राणी. सगळे चालू तर पांढरा, पण पांढऱ्या कागदावर पांढरी रेषा काय कामाची, म्हणून तिथे करडा. हिरवाही पूर्ण प्रखर नाही, २५५ पैकी २०५ इतकाच. बाकी पेटी जशीच्या तशी. म्हणजे हे रंग डोळ्याने निवडलेलेच नाहीत, ते तीन स्विचांमधून निघाले आहेत.

क्रमांकांची सवय त्याहून जुनी. आरच्या आधी एस नावाची भाषा होती. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. त्या काळात रंगीत आलेख हवा असेल तर बऱ्याचदा पेन प्लॉटर लागायचा. म्हणजे एक यंत्र, ज्याच्या खाचांमध्ये खरीखुरी शाईची पेनं बसवायची आणि यंत्राचा हात एकेक पेन उचलून कागदावर रेषा ओढायचा. एचपीच्या काही प्लॉटरमध्ये सहा पेनं, काहींत आठ. अशा यंत्राला 'रंग २' म्हणजे दुसऱ्या खाचेतलं पेन. त्यात लाल शाई आहे की हिरवी, हे प्रोग्रामला माहीत नसायचं, पेन बसवणाऱ्याला माहीत असायचं.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी एससारखी नवी भाषा लिहिली आणि १९९३ मध्ये ती जगापुढे आणली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एकच, म्हणून तिचं नाव आर. १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी मोफत आणि खुली झाली, २९ फेब्रुवारी २००० रोजी १.० आवृत्ती आली. प्लॉटर अडगळीत गेले, पेनं वाळली, पण क्रमांक राहिले. आता क्रमांकांच्या मागे शाईऐवजी ते तीन स्विच होते.

यात बिघडलं काय? आपला डोळा तीन दिव्यांना सारखं वागवत नाही. स्क्रीनचा उजेड मोजण्याच्या प्रमाणित सूत्रात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. आता पेटीतले रंग तपासा. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, ९३ टक्के. पांढरा कागद १०० टक्के. म्हणजे पिवळी रेषा कागदात जवळजवळ विरघळते. निळी ७ टक्क्यांवर, काळीच्या शेजारी. प्रोग्रामरच्या मते पिवळा आणि निळा एकाच तोलाचे, फक्त क्रमांक ७ आणि क्रमांक ४. बघणाऱ्याला मात्र एक रेषा ओरडताना दिसते आणि दुसरी कुजबुजताना. तुमच्या आकडेवारीचा त्यात काहीही हात नसतो.

ही झाली सर्वसाधारण डोळ्याची कथा. दादांची त्याहून वेगळी.

*

१७९४ मध्ये मँचेस्टरमध्ये जॉन डाल्टनने एक निबंध वाचला. हाच तो अणुसिद्धांतवाला, अकरावीच्या केमिस्ट्रीतला. इतरांना जो रंग लाल दिसतो तो आपल्याला तसा दिसत नाही, असं त्याने मांडलं. त्याचा अंदाज होता की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश गिळत असावा. मेल्यावर डोळे तपासा, असं सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो गेल्यावर डॉक्टरांनी डोळा उघडला, द्रव स्वच्छ निघाला. पण डोळ्याचे अवशेष जपून ठेवले गेले आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की हिरव्या पट्ट्यातला प्रकाश टिपणारं रंगद्रव्य बनवायची सूचनाच त्याच्या पेशींत नव्हती. दीडशे वर्षांनी रिपोर्ट आला म्हणायचा.

ही सूचना एक्स गुणसूत्रावर असते. बाईकडे दोन एक्स, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच. म्हणून उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचा असा गोंधळ सुमारे ८ टक्के, बायकांत अर्धा टक्का. आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे, असा त्याचा बऱ्याचदा प्रवास. दादांच्या आईचे वडील आंबा पिकलाय की नाही हे फक्त हाताने आणि वासाने ओळखायचे म्हणे, आणि घरात सगळ्यांना ते त्यांचं कौशल्य वाटायचं.

*

रंगांच्या बाबतीत आर एकटी दोषी नव्हती. त्याहून मोठा उपद्रव होता तो इंद्रधनुष्याचा. तापमान, पाऊस, दाब असा कमीपासून जास्तीपर्यंत जाणारा आकडा दाखवायचा असला की निळा, सायन, हिरवा, पिवळा, लाल अशी पट्टी वापरायची. मॅटलॅबमध्ये या पट्टीचं नाव होतं जेट. अमेरिकेतल्या एका सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात अंतराळातल्या वायूच्या झोताचं सिम्युलेशन केलं गेलं, त्याच्याशी हे नाव जोडलेलं आहे. झोत म्हणजे जेट. मॅटलॅबसारखंच काहीतरी पायथनमध्ये हवं म्हणून जॉन हंटरने मॅटप्लॉटलिब लिहिलं, तेव्हा जेटही सोबत आलं. आरमध्ये तर 'रेनबो' नावाचं फंक्शनच होतं. एकाच्या घरातलं फर्निचर दुसऱ्याने आणावं, तिसऱ्याने दुसऱ्याचं बघून करून घ्यावं, तसं झालं.

या पट्टीत सायन आणि पिवळा हे दोन रंग अचानक उजळ होतात. त्यामुळे आकडा सावकाश वाढत असला तरी तिथे कडा दिसते, जणू तिथे काहीतरी घडलंय. उलट हिरव्या भागात आकडा बराच बदलला तरी डोळ्याला सगळं सारखंच वाटतं. आयबीएममधल्या बर्निस रोगोविट्झ आणि लॉइड ट्रेनिश यांनी १९९८ मध्येच याविरुद्ध लिहिलं. २००७ मध्ये डेव्हिड बोरलँड आणि रसेल टेलर यांनी पुन्हा लिहिलं, आणि शीर्षकात कंसात वैतागून 'अजूनही' हा शब्द घातला.

हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न नाही हे २०११ मध्ये हार्वर्डमध्ये मिशेल बोर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधल्या धोक्याच्या जागा वैद्यकीय विद्यार्थ्यांना शोधायच्या होत्या. नेहमीच्या त्रिमितीय, इंद्रधनुषी चित्रात त्यांना अशा ३९ टक्के जागा सापडल्या. चित्र सपाट मांडून रंगांची पट्टी बदलल्यावर ९१ टक्के. यातलं सगळं श्रेय रंगाचं नाही, मांडणीचंही आहे. पण विद्यार्थी आणि रक्तवाहिन्या त्याच प्रकारच्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

*

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढची. २००३ मध्ये व्हिएन्नात एक परिषद झाली. तिथे एक निबंध सादर झाला, विषय होता आलेखांमधले रंग. स्क्रीनच्या तीन दिव्यांच्या भाषेत रंग निवडू नका, डोळ्याच्या भाषेत निवडा, असं त्याचं म्हणणं. डोळ्याची भाषा म्हणजे तीन प्रश्न. रंग कोणता? किती भडक? किती उजळ? माणसांवर केलेल्या प्रयोगांतून आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये रंगांचं मोजमाप ठरवलं होतं, १९७६ मध्ये त्यात सुधारणा केली होती. त्याच मोजमापावर उभी असलेली एचसीएल ही पद्धत वापरा, म्हणजे एक रेषा ओरडणार नाही आणि दुसरी कुजबुजणार नाही. निबंधाचा लेखक रॉस इहाका. आरचा जनक. स्वतःच्या घरातली पेटी चुकीची आहे, हे घरमालकच सांगत होता.

आरमध्ये एचसीएलचं फंक्शन आलं. पेटी मात्र तशीच राहिली. का, ते कोणताही सॉफ्टवेअरवाला सांगेल. तोवर आरमध्ये प्रबंध लिहिले गेले होते, पुस्तकं छापली गेली होती, 'आकृतीतली लाल रेषा पाहा' अशी वाक्यं हजारो ठिकाणी होती. डिफॉल्ट बदलणं म्हणजे चालत्या एसटीचं चाक बदलणं. शिवाय ज्याला नको असेल त्याने स्वतःची पॅलेट लावावी, सोय आहेच की, हा युक्तिवाद नेहमी तयार असतो. माझ्यासारखे लोक मात्र सोय असूनही ती वापरत नाहीत.

सुधारणा मग बाहेरून आल्या. पहिली नकाशावाल्यांकडून. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या सिंथिया ब्रूअर यांनी कलरब्रूअर तयार केलं आणि २००२ मध्ये व्हिएन्नातल्या एरिक नॉयविर्थ यांनी ते आरमध्ये आणलं. त्यात ३५ पॅलेट आहेत, तीन कुळांत विभागलेल्या. कमी-जास्त दाखवायचं असेल तर एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा. मधे शून्य किंवा सरासरी असेल तर दोन बाजूंना दोन रंग. आणि नुसते वेगवेगळे गट असतील तर एकमेकांपासून वेगळे पण साधारण एकाच वजनाचे रंग. हे वाचताना इतकं उघड वाटतं की कोणीतरी शोधावं लागलं यावर विश्वास बसत नाही. एड हॉकिन्स यांच्या २०१८ मधल्या तापमानवाढीच्या निळ्या-लाल पट्ट्या तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिल्या असतील. ते रंग कलरब्रूअरचेच.

दुसरी सुधारणा जपानमधून. मासाताका ओकाबे आणि केई इतो हे जीवशास्त्रज्ञ, फळमाशीवर काम करणारे. दोघांनाही लाल रंग नीट दिसत नाही. त्यांच्या क्षेत्रात सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांत पेशीचा एक भाग लाल आणि दुसरा हिरवा दाखवायची रीत होती, म्हणजे स्वतःच्याच विषयाची चित्रं त्यांना वाचता येत नव्हती. साधी सूचना त्यांनी केली, लालच्या जागी मॅजेन्टा वापरा. आणि आठ रंगांची नवी पेटी दिली. काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी, जांभळट गुलाबी. इथे पुन्हा आठच रंग. फरक इतकाच की हे आठ स्विचांनी नाही, अडलेल्या माणसांनी निवडले.

सगळ्या सुधारणा सरळ रेषेत झाल्या असं समजू नका. २००७ मध्ये हॅडली विकम यांनी जीजीप्लॉट२ आणलं. आजचे आरमधले बहुतेक देखणे चार्ट त्यात होतात. त्यात डिफॉल्ट रंग एचसीएलने निवडलेले आहेत, सगळे अगदी सारख्या उजळपणाचे. इहाकांचं म्हणणं अक्षरशः पाळलेलं. परिणाम? कोणतीच रेषा ओरडत नाही, हे खरं. पण झेरॉक्स काढली की सगळ्या रेषा एकाच करड्या रंगाच्या. आणि ज्याला लाल-हिरव्यात फरक कळत नाही त्याला आधी निदान फिकट-गडदाचा आधार होता, तोही गेला.

तिसरी सुधारणा पायथनकडून. स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी २०१५ मध्ये जेटच्या जागी बसवायला काही पट्ट्या मांडल्या. त्यातली निवडली गेली ती विरिडिस, लॅटिनमध्ये हिरवी. वांग्याच्या सालीच्या जांभळ्यापासून मोरपंखीवरून लिंबाच्या पिवळ्यापर्यंत जाते आणि वाटेत उजेड एकसारखा वाढत राहतो. झेरॉक्स काढा, दादांना दाखवा, क्रम बिघडत नाही. २०१७ मध्ये ती मॅटप्लॉटलिबची डिफॉल्ट झाली, सिमॉन गार्निए यांनी ती आरमध्ये आणली, २०१८ मध्ये जीजीप्लॉट२ मध्ये शिरली.

*

आणि मूळ पेटी? ती बदलायला २०२० उजाडलं. एकाईम त्साइलाइस, पॉल मरेल, मार्टिन मेश्लर आणि दीपायन सरकार यांनी नवे आठ रंग ठरवले. यातले दीपायन सरकार दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले, आरमधल्या लॅटिस या आलेखांच्या पॅकेजचे कर्ते. त्यांनी क्रम मोडला नाही. दुसरा रंग लालसरच, तिसरा हिरवटच, चौथा निळाच, म्हणजे जुन्या पुस्तकांतली 'लाल रेषा पाहा' ही वाक्यं खोटी पडणार नाहीत. फक्त लाल आता डाळिंबीकडे झुकला, पिवळा मोहरीकडे, सायन आणि मॅजेन्टाचा भडकपणा कमी झाला. तडजोड आहे. पूर्ण सुरक्षित पेटी हवी असेल तर ओकाबे-इतो आता नाव घेतलं की मिळते. आर ४.० प्रसिद्ध झाली ती तारीख २४ एप्रिल २०२०. व्हिएन्नातल्या निबंधाला १७ वर्षं झाली होती.

ती तारीख वाचताना मला दुसरं काहीतरी आठवलं. बरोबर सहा दिवसांनी, ३० एप्रिलला, केंद्राने देशातल्या जिल्ह्यांची यादी काढली. १३० रेड, २८४ ऑरेंज, ३१९ ग्रीन. महाराष्ट्रात १४, १६ आणि ६. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्या तीन रंगांचे नकाशे फिरत होते, आणि दुकान उघडणार का, गावी जाता येणार का, हे त्यावरून लोक ठरवत होते.

मी दादांना विचारलं, तुम्ही तो नकाशा पाहिला होता का. ते म्हणाले, "पाहिला की. मी पुण्यात, आई-बाबा सिंधुदुर्गात. मला दोन्ही जिल्हे एकाच रंगाचे दिसले. म्हटलं, चला, जे आपलं ते त्यांचं. बाबा तेव्हा आजारी होते. संध्याकाळी बायको म्हणाली, अहो, तिकडे ग्रीन आहे, आपण रेडमध्ये आहोत." थोडं थांबून म्हणाले, "अर्धा दिवस मी उगाच घाबरून होतो रे."

*

स्क्रिप्ट मी दुसऱ्या दिवशी बदलली. स्वतःची पॅलेट लावणं पाच मिनिटांचं काम आहे. एकच गोष्ट सांगतो, कारण मी तिथे आधी आपटलो आहे. रंगांची नुसती यादी दिली तर आर गटांना वर्णक्रमाने रंग वाटते. निवडणुकीच्या चार्टमधून एक पक्ष गाळला की पुढच्या सगळ्या पक्षांचे रंग एकेक घर सरकतात आणि भगवा भलत्याच्या अंगावर जातो. म्हणून प्रत्येक रंगाला गटाचं नाव बांधायचं. जुनी आवृत्ती म्हणजे शेंदरी, नवी म्हणजे निळा, मग डेटात काहीही येवो. मग कलरस्पेस नावाच्या पॅकेजमधून तोच चार्ट दादांच्या डोळ्याला कसा दिसेल ते तपासलं. आधी जुना चार्ट त्यातून पाहिला. दोन मातकट रेषा. त्यांनी सांगितलं होतं अगदी तसं.

नवा चार्ट पाठवला. उत्तर आलं, "आता दिसतंय. पण खरं सांगू का, रेषेच्या टोकाला नाव लिही की."

लिहिलं. जेवणाच्या टेबलावरच्या त्या वाक्याबद्दलही सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत होतं मला," आणि डबा उघडला.

सर्व्हरवर आर अजून जुनीच आहे. अपग्रेडचं तिकीट मी टाकलंय, त्यावर कोणीतरी 'लो प्रायोरिटी' असं लिहून ठेवलंय.